पोशाद पेटी: जागेवर रंगटिपण करण्यासाठी पहिली पेटी कशी बनवावी, कशी वापरावी

पेटी चांगली की वाईट हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. खांद्यावरची पिशवी खाली ठेवल्यापासून पॅनेलवर, म्हणजे ज्यावर चित्र काढायचं त्या पातळ फळीवर, ब्रशचा पहिला फटकारा पडेपर्यंत किती वेळ गेला? पाच मिनिटांत काम सुरू झालं तर पेटी चांगली. पंधरा मिनिटं लागली तर लाकूड शिसवी असो, बिजागऱ्या पितळी असोत, ती पेटी लवकरच माळ्यावर जाते. या लेखातली मापं, जुळणी आणि कामाचा क्रम या एका परीक्षेवर बेतलेला आहे.

पोशाद हा फ्रेंच शब्द आहे. मोजक्या फटकाऱ्यांत, अर्ध्या-पाऊण तासात, समोरचं दृश्य पाहत जागेवरच उरकलेलं लहान रंगचित्र म्हणजे पोशाद. त्यासाठीच्या पेटीत तीन गोष्टी एकत्र येतात. झाकण उघडलं की ते ईझलचं (चित्र टेकवायच्या घोडीचं) काम करतं, खालच्या भागात आडवं पॅलेट (रंग मिसळायची पाटी) असतं आणि पॅलेटच्या खाली रंग-ब्रश राहतात. पेटी मांडीवर ठेवा किंवा कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर बसवा. याहून लहान, तळाला अंगठा घालायचं भोक असलेल्या पेट्याही असतात. त्या एका हातात धरून उभ्याने काम करता येतं, पण अर्ध्या तासात मनगट भरून येतं. पहिली पेटी ट्रायपॉडवर बसणारीच असावी.

आकार: मोह आवरा

नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते. ३० × ४० सेंमीचं पॅनेल मावेल अशी पेटी घेतली जाते, कारण ‘मोठं चित्र काढायचं झालं तर?’ पण ३० × ४० म्हणजे १२०० चौरस सेंमी आणि १५ × २० म्हणजे ३००. चौपट जागा, तीही तेवढ्याच वेळात भरायची. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. म्हणजे साधारण दोन मिनिटांत तो स्वतःच्या व्यासाएवढा पुढे जातो. पाऊण तासानंतर झाडाची सावली तुम्ही आखली तिथे नसते. मोठं पॅनेल घेतलं की निम्मं चित्र एका उजेडातलं आणि निम्मं दुसऱ्या उजेडातलं होतं.

लहान आकारात काही कमीपणा नाही. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल रंगपेटी मांडीवर घेऊन झाकणाच्या आतल्या बाजूला कागद टाचायचा आणि त्यावरच तैलरंगात अभ्यास करायचा. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सराची लाकडी फळ्यांवरची रंगटिपणं साधारण १६ × २५ सेंमीची आहेत. १८८९ साली मेलबर्नला भरलेल्या एका प्रदर्शनाचं नावच ‘नाइन बाय फाइव्ह’ होतं. त्यातली बरीच चित्रं ९ × ५ इंचांच्या सिगार-पेटीच्या झाकणांवर काढलेली होती. कॅनडाचा चित्रकार टॉम थॉमसन याची बाहेर काढलेली फलकचित्रं बहुतेक २१ × २७ सेंमीच्या आसपासची आहेत.

म्हणून पहिली पेटी १५ × २० सेंमीच्या पॅनेलची असावी. पन्नासेक चित्रं झाल्यावर जागा खरोखर अपुरी वाटली, तर २० × २५ कडे वळा.

विकत घेणार असाल तर दुकानात पेटी उघडून झाकणात पॅनेल लावा आणि पॅनेलच्या वरच्या कडेला बोटाने हलका दाब द्या. झाकण मागे झुकलं तर ती पेटी नको. मग पॅलेट पाहा. ते चित्राएवढं तरी असावं. त्यानंतर तळाचे आटे बघा. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा नेहमीचा स्क्रू पाव इंची असतो, इंचाला २० आटे. काही भारी ट्रायपॉडना तीन अष्टमांश इंची स्क्रू असतो, त्यासाठी छोटी अडॅप्टर रिंग मिळते. दिसायला सुंदर कप्पे आणि खण यांना भुलू नका. प्रत्येक खण म्हणजे आणखी वजन.

स्वतः बनवायची असेल तर

सुतारकाम फारसं येत नसलं तरी ही पेटी दोन सुट्टीच्या दिवसांत होते. आधी जाड पुठ्ठ्याची खरी-मापी नक्कल करून पाहा. तासाभराचं काम आहे. कात्रीने चूक सुधारता येते, करवतीने नाही.

खालची मापं २०० × १५० मिमी, ३ मिमी जाडीच्या पॅनेलसाठी आहेत. बाहेरून पेटी २२० × १६३ × ७५ मिमी होते, म्हणजे जाड शब्दकोशाएवढी.

खालचा भाग (९ मिमी जाड लाकूड किंवा प्लाय): पुढची-मागची भिंत २२० × ४५ मिमी, दोन नग. बाजूच्या भिंती १४५ × ४५ मिमी, दोन नग. तळ ६ मिमी प्लाय, २२० × १६३.
झाकण: मागची भिंत २२० × २० मिमी. बाजूच्या दोन १५४ × २०. वरचं पान ४ मिमी प्लाय, २२० × १६३. पुढची बाजू मुद्दाम मोकळी, पॅनेल तिथूनच आत सरकतं.
पॅलेट: ४ मिमी प्लाय, २०० × १४३ मिमी.
पट्ट्या: पॅलेट टेकण्यासाठी १४५ × ३३ × ८ मिमी, दोन. पॅनेलच्या खाचांसाठी १५४ मिमी लांबीच्या चार, त्यातल्या दोन ६ × ५ आणि दोन ५ × ५ मिमी.
झाकणाच्या तोंडाशी: ४ मिमी प्लायची २२० × २० मिमीची पट्टी.

१. खालच्या चार भिंती पांढऱ्या गोंदाने जोडा. बाजूच्या भिंती पुढच्या-मागच्या भिंतींच्या मध्ये बसतात, म्हणजे आतली रुंदी २०२ मिमी राहते. गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर चौकट तिरकी आहे. लांब कर्णाच्या दिशेने दाबून सरळ करा, मगच क्लॅम्प आवळा. ही तपासणी राहिली तर पॅलेट आणि पॅनेल दोन्ही पुढे आयुष्यभर अडकत राहतात. मग तळ चिकटवा.

२. ३३ मिमी उंचीच्या पट्ट्या डाव्या-उजव्या भिंतींना आतून, तळावर उभ्या टेकवून चिकटवा. मोजमाप करायची गरज नाही, तळच त्यांची पातळी ठरवतो. त्यांच्यावर पॅलेट ठेवलं की ते भिंतीच्या कडेपासून ८ मिमी खाली बसतं. ही ८ मिमी फार मोलाची आहेत. पॅलेटवर उरलेला रंग तसाच ठेवून पेटी बंद करता येते, ती त्यांच्यामुळेच.

३. पॅलेटच्या एका कोपऱ्यात बोट जाईल असं २० मिमीचं भोक पाडा, नाहीतर बसलेलं पॅलेट उचलायला सुरी शोधावी लागते. विकतच्या पेट्यांत बाजूला सरकणारं पॅलेट असतं. सोय चांगली आहे, पण पहिल्याच पेटीत तिच्या मागे लागू नका.

४. झाकणाच्या तीन भिंती पानाला चिकटवा. आता खाचा. दोन्ही बाजूंच्या भिंतींना आतून, पानापासून ४.५ मिमी जागा सोडून ६ × ५ची पट्टी लावा. ६ मिमीची बाजू पेटीच्या उंचीच्या दिशेने राहू द्या. त्या पट्टीपासून पुन्हा ४.५ मिमी सोडून ५ × ५ची पट्टी. झाकणाची २० मिमी उंची अशी बरोबर संपते आणि दोन खाचा तयार होतात. गोंद वाळेपर्यंत ४.५ मिमीची जागा टिकवायला पॅनेलचाच तुकडा, त्यावर दीड मिमी पुठ्ठा ठेवून, मध्ये धरा. पट्टी चिकटली की बाहेर आलेला गोंद काडीने लगेच खरवडा. खाचेत वाळलेला गोंदाचा एक थेंबही पॅनेल अडवायला पुरतो.

या खाचांमागचं गणित समजून घ्या. आतल्या खाचेत, म्हणजे झाकणाच्या पानाला लागून, पूर्ण झालेलं ओलं चित्र रंगाची बाजू तुमच्याकडे करून राहतं. त्याच्यासमोर ६ मिमी मोकळी जागा आहे. बाहेरच्या खाचेत चालू चित्र. पेटी मिटल्यावर त्याच्या रंगापासून पॅलेटपर्यंत १३ मिमी अंतर उरतं. एका फेरीत दोन ओली चित्रं काहीही न पुसता घरी येतात.

५. तोंडाची पट्टी झाकणाच्या पुढच्या टोकांवर बसवा. एका टोकाला स्क्रू, ज्याभोवती पट्टी फिरेल. दुसऱ्या टोकाला पट्टीत खाच, जी दुसऱ्या स्क्रूच्या मानेत अडकेल. आतल्या अंगाला फोमची पातळ पट्टी चिकटवली की पॅनेल वाटेत खडखडत नाही.

६. बिजागऱ्या. २५ मिमीच्या दोन साध्या बिजागऱ्या चालतात, पण त्या झाकण धरून ठेवत नाहीत. उजव्या बाजूला खालच्या भिंतीवर एक १२ सेंमी लांबीची धातूची पट्टी बोल्टवर फिरती लावा. तिला मधोमध लांबट फट हवी. झाकणाच्या बाजूला लावलेला ४ मिमीचा बोल्ट त्या फटीतून बाहेर येतो आणि विंग नटने आवळला जातो. झाकण ९० ते ११५ अंशांत कुठेही थांबलं पाहिजे. हाताला घट्ट लागणाऱ्या घर्षणाच्या बिजागऱ्या मिळाल्या तर ही पट्टी लागत नाही. बिजागरी कोणतीही असो, ९ मिमीच्या भिंतीत लहान स्क्रू महिन्याभरात ढिले पडतात. तिथे आरपार जाणारे ३ मिमीचे बोल्ट वापरा आणि आतून वायसर घाला.

७. ट्रायपॉडचा नट. घरी बनवलेल्या पेट्या सर्वात जास्त इथेच फसतात. दातेरी टी-नट (आत आटे असलेली नळी आणि लाकडात रुतणारे दाते असलेला नट) आतून ठोकायचा, म्हणजे स्क्रू आवळला की तो लाकडात आणखी रुततो. बाहेरून ठोकला तर आवळताना उपटून निघतो. दुसरी गोष्ट, ट्रायपॉडच्या प्लेटचा स्क्रू जेमतेम ५ मिमी वर आलेला असतो. मजबुतीसाठी तळाखाली जाड ठोकळा लावून नट त्याच्या वर बसवला, तर स्क्रू आट्यांपर्यंत पोचतच नाही. नटच्या नळीचं तोंड बाहेरच्या पृष्ठभागापासून एक मिमीपेक्षा आत नको, आणि बाहेरही यायला नको. ६ मिमी तळाला बाहेरून ४ मिमी प्लायचा ८० × ८० चा तुकडा चिकटवला, तर १० मिमी जाडी मिळते आणि भार एका बिंदूवर न येता पसरतो. नटवर आतून आणखी एक पातळ तुकडा भोक पाडून चिकटवा, म्हणजे नट मागे सरकणार नाही.

नट बरोबर मध्यावर बसवू नका. झाकण उघडलं की वजन मागे जातं. पेटी पूर्ण जोडून, झाकण उघडं ठेवून, आत दोन पॅनेल आणि रंग भरून एका जाड पेन्सिलीवर तोला. जिथे ती स्थिर राहते, तिथे खूण करा. बहुतेक वेळा ती जागा मध्यापासून दीड-दोन सेंमी बिजागरीकडे असते.

८. काठ काचपेपरने गोल करा. बाहेरून वॉर्निशचे दोन पातळ हात द्या. खाचांत वॉर्निश नको, मेणबत्ती घासा. दमट हवेत लाकूड फुगतं आणि पॅनेल अडकू लागतं, तेव्हा हे मेण कामी येतं.

पॅलेटला मात्र वॉर्निश न लावता जवसाचं तेल चोळा. पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसा, चार-पाच दिवस वाळू द्या, असं तीनदा. कोऱ्या लाकडावर रंग काढला तर लाकूड त्यातलं तेल शोषतं आणि रंग तासाभरात कोरडा पडतो. पॅलेटचा रंग पांढरा नसावा. पांढऱ्यावर प्रत्येक मिश्रण प्रत्यक्षाहून गडद भासतं, मग तुम्ही ते अकारण फिकट करता. मध्यम राखाडी उत्तम. पॅलेटला राखाडी रंग देऊन वर तेलाचे हात, किंवा राखाडी कागदावर काचेचा तुकडा. काच पुसायला सोपी, पण जड आणि फुटणारी. कडा घासल्याशिवाय ती वापरू नका.

पॅनेल

३ मिमीचा हार्डबोर्ड किंवा एमडीएफ, २०० × १५० ला कापून कडा घासलेला. ॲक्रिलिक गेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन पातळ हात पुढे, एक हात मागे. मागचा हात पॅनेल वाकू नये म्हणून. दोन हातांत दिशा बदला आणि वाळल्यावर २२० नंबरच्या काचपेपरने हलकं घासा. कडांवर गेसो साचतो, तोही घासून काढा, नाहीतर खाचेत बसणार नाही. स्वस्त गेसो कधीकधी फार शोषक निघतो. त्यावर तैलरंग लावताच चमक जाते, गडद भाग राखेसारखे दिसतात आणि ब्रश ओढला जातो. तसं वाटलं तर गेसोवर ॲक्रिलिक मॅट मीडियमचा एक पातळ हात फिरवा.

पांढऱ्या पॅनेलवर उन्हात काम करणं डोळ्यांना फार त्रासदायक. बर्न्ट सिएनाचा (विटकरी-तपकिरी रंगाचा) पातळ ॲक्रिलिक थर देऊन ठेवा. फटकाऱ्यांच्या मधून दिसणारी ती ऊब बहुतेक दृश्यांना मानवते. दहा पॅनेल एकदम तयार करा. एकच चांगलं पॅनेल असलं की हात आखडतो.

खाचांतल्या पट्ट्या डावी-उजवीकडचे ५-५ मिमी झाकतात, तेव्हा रंगायला १९ × १५ सेंमी मिळतात. कोऱ्या कडा धरायला बऱ्या पडतात. उभं चित्र हवं असेल तर त्याच पॅनेलवर टेपने ११ × १५ ची चौकट आखा.

रंग आणि बाकीचं सामान

पाच नळ्या: टायटॅनियम व्हाइट, फिकट कॅडमियम यलो (किंवा हॅन्सा यलो), पर्मनंट अॅलिझरिन क्रिमझन, अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना. काळा लागत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून जवळजवळ काळा निघतो आणि त्यात निळा वाढवा की थंड, सिएना वाढवा की ऊबदार. हिरव्याची नळी पहिले काही महिने नको. नळीतला तयार हिरवा सगळ्या झाडांना एकसारखा लागतो.

किती रंग काढायचा? ३०० चौरस सेंमीवर सरासरी ०.२ मिमी थर म्हणजे ६ मिली रंग. मिश्रणात वाया जाणारा धरून ८ मिली. त्यातला निम्मा पांढरा, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा ढीग, बाकी चार मोठ्या वाटाण्याएवढे. ‘रंग वाया जाईल’ या भीतीने नखाएवढा रंग काढणारे प्रत्येक मिश्रणात टर्पेंटाइन (तैलरंग पातळ करायचं द्रावण) ओततात आणि चित्र धुतल्यासारखं होतं. रंग पॅलेटच्या डाव्या आणि वरच्या कडेला, नेहमी त्याच क्रमाने. पांढरा कोपऱ्यात, सर्वात मोठी जागा त्याला. मधला भाग पूर्ण मोकळा. रंगांची जागा ठरलेली असली की हात न बघता तिकडे जातो.

ब्रश चारच: चपटे ६, १२ आणि २० मिमीचे, आणि एक बारीक गोल. पेटीत १८ सेंमीच मावतात, म्हणून दांडे कापून टोकं घासा. एक छोटी पॅलेट नाइफ, द्रावणासाठी झाकण घट्ट बसणारी ५० मिलीची डबी, कापडाच्या चिंध्या, कचऱ्याची पिशवी, चार मजबूत क्लिपा. डबीला रबरी वायसर नसेल तर ती गळणारच. पेटीत आडवी ठेवू नका, बाहेर हुकला टांगा. टर्पेंटाइन आणि मिनरल स्पिरिट ज्वलनशील असतात, विमानात नेता येत नाहीत.

गुअॅश (पाण्यात मिसळायचा अपारदर्शक रंग) किंवा ॲक्रिलिक वापरणाऱ्यांसाठी पेटी हीच, पॅलेट बदलतं. ओल्या स्पंजवर बेकिंगचा कागद अंथरलेली चपटी डबी तिथे ठेवा, नाहीतर उन्हात रंग दहा मिनिटांत कडक होतो. जलरंगाला मात्र ही पेटी सोयीची नाही. उभ्या पानावर पाण्याचे ओघळ येतात. तिथे झाकण १६५ अंशांपर्यंत उघडून कागद जेमतेम १५ अंश तिरका राहिला पाहिजे, आणि त्यासाठी बिजागरीची पट्टी वेगळी लागते.

जागेवर: पाऊण तासाचा क्रम

जागा निवडताना आधी स्वतःसाठी सावली शोधा, दृश्य नंतर. पॅनेल आणि पॅलेट दोन्ही एकाच उजेडात हवेत. पॅनेलवर थेट ऊन पडलं तर ते इतकं लख्ख दिसतं की तुम्ही सगळं गडद मिसळता, आणि घरी नेल्यावर चित्र कोळशासारखं दिसतं. उलट पॅलेट उन्हात, पॅनेल सावलीत असेल तर मिसळलेला रंग पॅनेलवर गेल्यावर वेगळाच वाटतो. छत्री लावायची तर पांढरी किंवा काळी. लाल-निळ्या छत्रीखाली सगळे रंग लाल-निळे होतात, आणि ते कळतं घरी आल्यावरच. कपडेही भडक नकोत. पांढऱ्या शर्टाचा उजेड ओल्या रंगावर चमकतो.

ट्रायपॉडचे पाय पसरवा, पुढचा पाय दृश्याकडे. पॅलेट कोपराच्या उंचीवर येईल एवढी उंची. मधला दांडा वर काढू नका, तो वर गेला की पेटी डुलते. वारा असेल तर पिशवी दांड्याला टांगा, पण ती जमिनीला किंचित टेकलेली असू द्या. अधांतरी पिशवी घड्याळाच्या लंबकासारखी हलते आणि पेटीलाही हलवते. झाकण ९५ ते १०० अंशांवर ठेवा. चमक दिसली तर थोडं पुढे झुकवा.

मग राखाडी पुठ्ठ्यात ३८ × ३० मिमीची खिडकी कापलेला व्ह्यूफाइंडर डोळ्यांपुढे धरा. हे प्रमाण १९ × १५ शी जुळतं. प्रमाण जुळत नसेल तर निवडलेलं दृश्य पॅनेलवर मावत नाही आणि कडेचं झाड अर्धं कापलं जातं. वहीत काडेपेटीएवढं पेन्सिल-टिपण करा: गडद, मधला, फिकट, एवढे तीनच टोन. तीन टोनांत दृश्य वाचता येत नसेल तर रंगातही येणार नाही. जागा बदला. ही तीन मिनिटं वाचवणारे पुढे वीस मिनिटं पुसत बसतात.

आता बर्न्ट सिएनात थोडं अल्ट्रामरीन, भरपूर पातळ करून, ६ मिमीच्या ब्रशने मोठ्या आकारांच्या सीमा आखा. क्षितिज, मुख्य उभी वस्तू, सावल्यांच्या कडा. सावल्यांची जागा आत्ताच ठरवून टाका आणि नंतर त्या सरकल्या तरी पाठलाग करू नका. बाहेर काम करताना सगळ्यात कठीण शिस्त हीच आहे.

मग मोठ्या ब्रशने गडद भाग, पातळ. पॅनेलचा एकही भाग कोरा राहू नये अशा बेताने पंधरा मिनिटांत पाच-सहा मोठे आकार भरा. प्रत्येक आकाराला एक सरासरी रंग. ब्रश लावण्याआधी शेजारच्या आकाराशी तुलना करा: गडद की फिकट, ऊबदार की थंड? हिरवी झाडी लांब गेली की तिच्यातला पिवळा कमी होतो आणि निळसर राखाडी वाढतो. दूरच्या डोंगराला जवळच्या झाडाचा हिरवा लागला की डोंगर पुढे येऊन बसतो.

शेवटच्या दहा मिनिटांतच जाड रंग. फिकट उजेडाचे ठिपके, दोन-तीन ठिकाणी तीक्ष्ण कड, बाकी कडा बोटाने किंवा कोरड्या ब्रशने सैल. ज्या जागी नजर जावी तिथेच तपशील. पानं मोजू नका.

मळकट रंग होत असतील तर कारण बहुतेक वेळा एकच असतं: ब्रश पुसला जात नाही. दर मिश्रणाआधी चिंधीने पिळून पुसा. द्रावणात बुडवायची गरज क्वचितच लागते. दुसरं कारण म्हणजे एकाच जागी तीनदा हात फिरवणं. एक फटकारा बसला की ब्रश उचला. रंग पसरून एकमेकांत मिसळत असेल तर खालचा थर जास्त पातळ झाला आहे. तो भाग नाइफने खरवडून परत लावा.

पाऊण तास झाला की थांबा, अपुरं वाटलं तरी. उरलेलं वहीत शब्दांत टिपा: ‘आकाश खाली पिवळसर, सावली जांभळट’.

परत आणणं

तोंडाची पट्टी सोडा, ओलं पॅनेल आतल्या खाचेत सरकवा. दोनपेक्षा जास्त चित्रं झाली तर ती समोरासमोर ठेवा, चारही कोपऱ्यांवर काडेपेटीतल्या काडीचे छोटे तुकडे मध्ये टाकून, बाहेरून रबरबँड. कोपऱ्यात चार टिंबं उठतात, ती घरी भरता येतात.

पॅलेटवरचे कडेचे ढीग राहू द्या, फक्त मधला भाग खरवडून चिंधीने पुसा. पेटी बंद करून थंड जागी ठेवली तर ढीग दोन-तीन दिवस टिकतात. बर्न्ट सिएना आधी वाळतो, अॅलिझरिन आणि कॅडमियम उशिरा. वाळलेली साय काढताना ती रंगात मिसळू नका, नाहीतर पुढच्या चित्रात कण येतात.

ब्रश आधी चिंधीने, मग द्रावणात, मग साबण आणि कोमट पाण्याने. डबीत ब्रश उभे बुडवून ठेवले की केस कायमचे वाकतात. गढूळलेलं द्रावण एका बाटलीत रात्रभर ठेवा. रंगद्रव्य तळाशी बसतं, वरचं स्वच्छ परत वापरा. गाळ नाल्यात ओतू नका, त्यात कॅडमियमसारखे विषारी धातू असू शकतात. हातांवर रंग असताना खाऊ-पिऊ नका.

चिंध्यांची काळजी गमतीवारी नेऊ नका. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून पिशवीत कोंबल्या की तेल हवेशी संयोग पावताना तापतं, उष्णता बाहेर जात नाही आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. मोकळ्या जागेत एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून धातूच्या झाकणबंद डब्यात ठेवा. पेटीच्या तळातल्या खणात चिंधी कोंबून ती विसरण्याची सवय नकोच.

वापरून महिना झाला की एकदा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसा. बिजागरीचे बोल्ट आवळा, खाचांना मेण लावा, टी-नट फिरतो का ते बघा. फिरत असेल तर आतला तुकडा उचकटून नट इपॉक्सीने पुन्हा बसवा, ट्रायपॉडवरून पेटी निखळून पडायच्या आत.